शिशाच्या गोळ्या आणि जुनी रायफल

२०२० साली पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या भागात दुकानांतून काडतुसं गायब झाली. माझ्याकडे थर्टी-थर्टीची जुनी लिव्हरवाली रायफल आहे. शेजारी एक आजोबा राहतात, जन्म कारखान्यात लेथवर गेलेला. ते घरीच काडतुसं भरतात. म्हणाले, पितळी केसेस फेकू नकोस, गोळ्या आपण ओतू. प्रायमरही तेव्हा मिळत नव्हते, ते त्यांनी आपल्या साठ्यातले दिले.

इथं स्वतःपुरती काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. भारतात विनापरवाना काडतूस बनवणं गुन्हा आहे, तेव्हा तिकडच्या मंडळींनी हे नुसतं वाचावं.

शिसं टायरच्या दुकानातून आणलं. चाकांना लावतात ती जुनी वजनं. त्यांत हल्ली जस्ताची आणि लोखंडाचीही मिसळलेली असतात. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, जस्त ४१९ला. आच बेताची ठेवली की जस्ताचे तुकडे वर तरंगतात, पळीनं काढून टाकायचे. जस्त विरघळलं तर साचा नीट भरत नाही. ओल्या वजनांची मात्र मला खरंच भीती वाटायची. वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा थेंब गेला तर वाफ होऊन सगळं अंगावर उडतं. त्यामुळे वजनं आधी कोरडी करून थंड भांड्यातच ठेवायची, मग शेगडी पेटवायची. चष्मा, हातमोजे आणि लांब बाह्या हव्यातच.

गोळ्या छान चकचकीत निघाल्या. ०.३०९ इंचाच्या डायमधून काढल्या, बुडाला तांब्याची टोपी बसवली, वंगण लावलं. या रायफलीला हेच माप चालतं असं सगळे सांगत होते. रेंजवर सुरुवातीच्या गोळ्या बऱ्या लागल्या. मग त्या ताटाएवढ्या जागेत विखुरल्या आणि कागदावर एक भोक चक्क आडवं पडलं. नळीत डोकावलं तर आत शिशाचे पापुद्रे.

रेंजवरच्या जाणकारांचं एकच मत: शिसं मऊ आहे, कडक मिश्रण घे. लायनोटाइप छपाईचा जुना धातू विकत घेऊन मिसळला. त्यात शिशाबरोबर १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असतं. खर्च झाला, पापुद्रे तसेच.

आजोबांनी रायफल मागितली. नळीला तेल लावून मऊ शिशाचा गोळा आतून ढकलत पार केला आणि मायक्रोमीटर लावला. ०.३१० इंच. म्हणजे गोळी नळीपेक्षा बारीक होती. मागचा तप्त वायू तिच्या कडेनं निसटत होता आणि शिसं कापून नळीला चिकटवत होता. कडकपणाचा इथं काही संबंधच नव्हता.

साच्यातून गोळी मुळात ०.३१२ची निघत होती, म्हणून ०.३११ची डाय आणली. केसचं तोंड किंचित फाकवायला लागलो, नाहीतर काठ गोळीचं शिसं खरवडतो. नवं काडतूस चेंबरमध्ये अडकत नाही ना, ते आधी पाहिलं. गोळी बदलली म्हणून पावडर पुन्हा पुस्तकातल्या सर्वांत कमी मापापासून सुरू केली. पावडरचं माप मी इथं देत नाही, ते पुस्तकातूनच घ्यावं. थोड्या पावडरीच्या केसमध्ये चुकून दुप्पट माप मावतं आणि कळतही नाही. म्हणून गोळी बसवण्याआधी प्रत्येक केसमध्ये टॉर्च मारतो.

नळीतलं जुनं शिसं तांब्याच्या घासणीनं निघालं. ब्रशभोवती गुंडाळून घासायची. घासणी घेताना चुंबक लावून बघा. चिकटली तर आत लोखंड आहे, नळीला ओरखडे पडतील. त्यानंतर नळी स्वच्छ राहिली.

हे सगळं मार्गी लागल्यावर बायकोनं विचारलं, घरात लहान मूल आहे, या शिशाचं काय? तिघांच्या रक्ताची तपासणी केली. मुलीचं आणि तिचं ठीक होतं, माझं वाढलेलं. मला वाटलं होतं, धूर कारण असेल. डॉक्टरांनी कामाची सगळी पद्धत विचारली आणि बोट ठेवलं केसेस घासायच्या कोरड्या यंत्रावर. प्रायमरच्या काजळीत शिसं असतं, ती धूळ हाताला लागते आणि हातावाटे पोटात जाते. आता केसेस पाण्यात धुतो, गॅरेज झाडत नाही, ओल्या फडक्यानं पुसतो. तिथले कपडे वेगळे धुतो, चपला बाहेरच राहतात, आणि चहाचा कप आत नेत नाही. पुढच्या तपासणीत आकडा उतरला होता.