पुढच्या वर्षीचा संघ

रविवारच्या मिस्सेनंतर खारघरच्या आमच्या युवकांत एकच चर्चा होती. महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघातील तीन बिनीचे खेळाडू पदवी घेऊन बाहेर पडले. आता संघाचे कसे होणार? पाच जणांच्या खेळात तिघे जाणे म्हणजे संघाचा कणाच मोडणे!

आम्हांस शिकागोच्या लोयोला या येशूसंघीय विद्यापीठाचे स्मरण झाले. २०२५ मध्ये दिवंगत झालेल्या सिस्टर जीन तेथील संघाच्या आध्यात्मिक मार्गदर्शक होत्या. २०१८ मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी, चाकांच्या खुर्चीत बसून त्यांनी आपला संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या उपान्त्य फेरीत खेळताना पाहिला. पुढे त्यातील अनुभवी खेळाडू पदवीधर होऊन पांगले. तरीही २०२१ मध्ये लोयोलाने अग्रमानांकित इलिनॉयला नमविले. त्या विजयाचा आधारस्तंभ होता कॅमेरॉन क्रुटविग. २०१८ मध्ये तो प्रथम वर्षाचा विद्यार्थी होता, ज्येष्ठांच्या सोबतीने खेळत घडत होता.

आम्ही मुलांना विचारले, “गेलेल्यांकडून काय शिकलात?”

“चेंडू हाती नसतानाही धावत राहायला,” सर्वांत धाकटा म्हणाला.

आम्ही निरुत्तर झालो. आमच्या गायनवृंदातील जुने आवाज एकेक करून निमाले, तेव्हा आम्ही केवळ हळहळत बसलो होतो. मागच्या बाकावरील मुलांना पुढे बोलावण्याचे आम्हांस सुचलेच नव्हते.