आधी विचारायचं, मग सांगायचं

मेडिकल वॉर्डात माझी बरीच वर्षं गेली. नर्सिंगच्या मुली पोस्टिंगला यायच्या, ‘सिस्टरांबरोबर राहा’ एवढंच त्यांना सांगितलं जायचं. ज्याला काम येतं त्याला शिकवताही येतं, असं सगळेच धरून चालायचे. प्रिसेप्टर, म्हणजे वॉर्डात विद्यार्थिनींना शिकवणाऱ्या सिस्टर, यांच्या प्रशिक्षणाला बसले आणि कळलं, शिकवण्याचीही वेगळी तालीम लागते.

तिथे ‘वन मिनिट प्रिसेप्टर’ पद्धत शिकले. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय अध्यापकांनी ती मांडली. आधी विद्यार्थिनीला तिचा निर्णय विचारायचा, मग त्यामागचं कारण. त्यानंतर एखादा नियम शिकवायचा, बरोबर केलेलं नेमकं सांगायचं आणि चुकलेलं सुधारायचं. खरी परीक्षा पहिल्या दोन पायऱ्यांची. वॉर्ड भरलेला असतो, उत्तर ओठांवर आलेलं असतं, तरी थांबायचं. आम्ही आळीपाळीने विद्यार्थिनी होऊन याचा सराव केला.

एकदा नाश्त्याआधी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी वॉर्डातल्या एका आजोबांसाठी दहा युनिट इन्सुलिन भरायला निघाली. तिच्या हातात केशरी टोपणाची सिरिंज होती.

“हीच का घेतलीस?”

“हिच्यावर युनिटच्या रेघा आहेत, सिस्टर.”

“आणि वायलवर काय लिहिलंय?”

तिने वायल फिरवून वाचलं: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. सिरिंज मात्र मिलिलिटरला १०० युनिटची होती. ती मनात हिशोब करत राहिली, मी गप्प.

“दहाच्या रेघेपर्यंत भरलं तर चारच युनिट जातील!”

“आणि वायल १०० ची, सिरिंज ४० ची असली तर?”

“पंचवीस. शुगर एकदम खाली येईल.”

तिने स्वतःच लाल टोपणाची, ४० ची सिरिंज काढली. मी म्हटलं, “हिशोब अचूक केलास. वायल आणि सिरिंजचा आकडा जुळल्याशिवाय औषध भरायचं नाही.”

‘सिरिंज बदल’ एवढं सांगून त्या दिवसाचं काम भागलं असतं. पण युनिटच्या रेघा दिसल्या की झालं, ही तिची समजूत तशीच राहिली असती आणि पुढच्या वॉर्डात एखाद्या रुग्णाला ती भोवली असती.

आता मी इतर सिस्टरांना हे प्रशिक्षण देते. त्या मनापासून शिकतात, पण वॉर्डात परतल्यावर रुग्ण तेवढेच, औषधांची ट्रॉली तीच, वर विद्यार्थिनी. अशा धावपळीत विचारायला उसंत कुठून मिळणार? म्हणून ड्युटी लावतानाच प्रिसेप्टरकडे रुग्ण कमी द्यावेत, असा माझा आग्रह आहे. आज या मुलींसाठी काढलेला वेळ उद्या त्यांच्या हातांखालच्या रुग्णांच्या कामी येणार आहे.