भुताचा तास

मुलांना भीती घालणे ही काही शिक्षकाला मुद्दाम शिकावी लागणारी कला नाही. चष्मा नाकावर थोडा खाली ओढला, पटावरचे एखादे नाव अर्धेच उच्चारून थांबले, की वर्ग आपोआप गार पडतो. पण मुलांनाच दुसऱ्याला भीती घालायला शिकवायचे, आणि तेही लेखी, शुद्धलेखनाचे नियम पाळून, म्हणजे काय प्रकार असतो ते मी एकदाच अनुभवले. त्यानंतर पुन्हा त्या वाटेला गेले नाही. का, ते पुढे येईलच.

साल १९९६. परळच्या बाजूच्या एका शाळेत मी नववीला मराठी शिकवीत होते. परीक्षेला ‘मुद्द्यांवरून गोष्ट लिहा’ असा एक प्रश्न असायचा. म्हातारा शेतकरी, चार मुलगे, भांडण, काठ्यांची मोळी. गोष्टीला शीर्षक द्यायचे आणि शेवटी तात्पर्य लिहायचे. मुले ती गोष्ट झोपेतही लिहीत आणि मी झोपेतच ती तपासत असे. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी मला काय अवदसा आठवली कोण जाणे. मी वर्गात म्हटले, “या सुट्टीत मोळी नको. मला भीती वाटेल अशी एक गोष्ट लिहून आणा.”

वर्गाने बाके वाजवली. अभ्यासाला बाके वाजलेली मी त्या एकाच दिवशी ऐकली.

सुट्टी संपली आणि त्रेचाळीस वह्या माझ्या टेबलावर आल्या. त्या मी रात्री, मुद्दाम एकटी बसून वाचल्या. भीती सोडाच, दोनदा डुलकी लागली! त्रेचाळीसपैकी तीसएक गोष्टी जुन्या हवेलीत घडत होत्या. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांत वाढलेल्या या पोरांनी हवेली पाहिली कुठे? तर रामसे बंधूंच्या सिनेमांत, आणि आदल्या वर्षीपासून सोनीवर सुरू झालेल्या ‘आहट’मध्ये. वीज कडाडत होती, दार करकरत होते, पांढऱ्या साडीतली बाई मेणबत्ती घेऊन फिरत होती. एकाने तर सवयीने शेवटी लिहिले होते, ‘तात्पर्य : अमावास्येला एकट्याने हवेलीत जाऊ नये.’

मला माझी आजी आठवली. आमचे घर मालवणजवळच्या एका वाडीत. तिच्या गोष्टींत भुतांची कमतरता नव्हती. पिंपळावरचा मुंजा, विहिरीवरची जखीण, वाट चुकवणारा चकवा, अमावास्येला फेरीला निघणारा वेताळ, सारे आमच्या गावचेच रहिवासी. पण आजीचे खरे कसब भुतात नव्हते, अडकित्त्यात होते. गोष्ट अगदी कड्यावर आली, की ती थांबायची. पानदान ओढायची. सुपारी निवडायची. कट्ट, कट्ट. पानाला चुना लावायची. आम्ही पाचही भावंडे गोधडीत एकमेकांना धरून बसलेली. “मग?” कोणी तरी कुजबुजायचे. “थांब गो जरा,” म्हणून ती पानाचे देठ खुडायची. भूत यायचे ते त्या कट्ट-कट्टमध्येच. प्रत्यक्ष गोष्टीत आले, की उलट आम्हांला हायसे वाटायचे.

तेव्हा मी फळ्यावर एक यादी लिहिली आणि तिच्यावर लाल खडूने मोठी फुली मारली. हवेली, वीज, सापळा, रक्त, पांढरी साडी, किंकाळी. “यांतले काहीही चालणार नाही.” वर्गात असा हाहाकार उडाला, जणू मी त्यांच्या पंक्तीतले मीठ काढून घेतले.

मग तास रंगू लागले. उत्कंठा म्हणजे काय ते सांगताना मला हिचकॉकची आठवण झाली. १९६२ साली फ्रान्स्वा त्रूफोला दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत त्याने धक्का आणि उत्कंठा यांतला फरक सांगितला आहे. टेबलाखाली बाँब आहे. तो एकदम फुटला तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकेल. पण बाँब तिथे आहे हे प्रेक्षकाला आधी ठाऊक असेल आणि टेबलावरच्या माणसांना नसेल, तर त्यांच्या साध्या गप्पाही तो पंधरा मिनिटे श्वास रोखून ऐकेल. मी सांगायला तोंड उघडले आणि थबकले. १२ मार्च १९९३ ला अजून चार वर्षेही झाली नव्हती. त्या दिवशी वरळीचा आणि सेनाभवनाजवळचा स्फोट या मुलांनी घरात बसून ऐकला होता. मी बाँबचा विंचू केला आणि टेबलाचा बूट. दादा परीक्षेला निघाला आहे. त्याच्या उजव्या बुटात विंचू शिरलेला आपण पाहिला आहे. तो डावा बूट घालतो. नाडी बांधतो. आईला पेन मागतो. उजवा उचलतो आणि पुन्हा खाली ठेवतो, कारण मोजा उलटा आहे. पहिल्या बाकावरच्या मुलाने नकळत आपले पाय वर घेतले. हिचकॉकला विंचू चालला असता असे मला वाटते.

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जची ‘माकडाचा पंजा’ ही १९०२ सालची गोष्टही मी त्यांना सांगितली. यंत्रात सापडून मेलेला मुलगा आई बापाला मंतरलेल्या पंजाकडून परत मागायला लावते आणि रात्री दारावर थापा पडू लागतात. ती कडी काढायला धावते. बाप अंधारात पंजा शोधून शेवटची इच्छा मागतो. दार उघडते तेव्हा रस्ता रिकामा असतो. दाराबाहेर काय होते, हे जेकब्जने दाखवले नाही. “मग काय होतं बाई?” सगळा वर्ग ओरडला. मी आजीची नात. मी खडू झटकला आणि म्हटले, “घंटा झाली.”

आमच्या विज्ञानाच्या सरांना हा सारा उद्योग पसंत नव्हता. ते अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात होते. “बाई, आम्ही भुतं घालवायची आणि तुम्ही ती आणायची?” असे ते शिक्षकांच्या खोलीत सर्वांदेखत म्हणाले. मी म्हटले, “सर, माझ्या भुतांना लिहिणारा लागतो. लिहिणारा झोपला, की भूतही झोपतं.” उत्तर देताना मला ते फार चतुर वाटले होते.

शेवटचा नियम मी सांगितला तो असा : “तुम्हांला खरोखर भीती कुठे वाटते, ते आधी आठवा. जागा तीच घ्या. तिथली एकच गोष्ट जरा बदला. दाराबाहेर रोज चार जोड चपला असतात, आज पाच आहेत. बस्स. आणि शेवट दाखवू नका.”

दुसऱ्या खेपेच्या वह्यांनी मात्र मला जागे ठेवले. चाळीच्या टोकाचा संडास आणि तिथवरचा अंधारा व्हरांडा किती गोष्टींत आला, सांगता सोय नाही. एका मुलाची गोष्ट मी अजून विसरलेले नाही. चाळीत पहाटे चारला पाणी येते. घरातले उठतात तो पिंप आधीच भरलेले. आई म्हणते, “भरतंय ना कुणीतरी, भरू दे. आपली झोप तरी होते.” सारे खूश. एक दिवस पालिकेने पाणी बंद ठेवल्याचे पेपरात येते. चाळ कोरडी. यांचे पिंप मात्र काठोकाठ! आई झाकण उचलते, बघते आणि पुन्हा हळूच ठेवते. एवढीच गोष्ट. दुसऱ्या दिवशी माझ्या घरचे पिंप भरताना मी दोनदा मागे वळून पाहिले. त्याला दहापैकी साडेआठ दिले.

नऊ दिले ते एका मुलीला. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बसणारी, विचारल्याशिवाय न बोलणारी मुलगी. तिच्या गोष्टीत घरात चौघे : आजी, बाबा, आई आणि ती. दिवेलागणीला आजी विचारते, “तुझी आई अजून नाही का ग आली?” आई समोरच नारळ खवत असते. सगळे हसतात. आजी हसत नाही. नातीला जवळ ओढून ती कानात सांगते, “ही नव्हे. ही तिच्या साड्या नेसते.” मग रोज आजी एकेक पुरावा देऊ लागते. तुझी आई आमटीत गूळ आधी घालायची, ही मागून घालते. तुझी आई झाकण ठेवताना आवाज करीत नसे. नात आधी दुर्लक्ष करते. मग बघू लागते. गूळ खरेच मागून पडतो. एका रात्री तिला तहान लागते. स्वयंपाकघरात अंधारात आई पाठमोरी उभी आहे. मुलगी हाक मारते, ‘आई.’ शेवटची ओळ : ‘ती वळू लागली.’

मी ती वर्गात मोठ्याने वाचली. तिला विचारले नाही. चांगली वही वाचून दाखवायची माझी पद्धतच होती. वाचून संपली तेव्हा खालच्या मजल्यावरचे पाढे ऐकू येत होते, इतकी शांतता. सगळी मुले तिच्याकडे वळून पाहत होती. ती बाकावरची रेघ नखाने कोरत होती.

त्यानंतर आठेक दिवसांनी मधल्या सुट्टीत एक बाई मला भेटायला आल्या. ऑफिसातून अर्धी रजा टाकून आल्या असाव्यात. खांद्याला पर्स, हातात ती वही. भांडायला आल्या असत्या तर बरे झाले असते. भांडणाऱ्या पालकांची मला सवय होती.

“सासूबाईंचं म्हणाल, तर मी सहा महिने ऐकते आहे,” त्या म्हणाल्या. “डॉक्टर म्हणाले, वयाने होतं. त्याचं मला काही नाही. पण ही पोर मी स्वयंपाक करताना ओट्याशी येऊन उभी राहते, बाई. एकटक बघते. मला वाटायचं, शिकतेय.”

मी गप्प.

“आमटीत गूळ मी मागूनच घालते. पहिल्यापासून.”

त्या आजाराला नाव आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. जोसेफ काप्ग्रा या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञाने १९२३ साली त्याचे वर्णन केले. स्मृतिभ्रंशातही तो दिसतो. चेहरा ओळखू येतो, पण ओळखीबरोबर जी आपलेपणाची कळ उमटायला हवी ती उमटत नाही. मग रुग्णाचे मन आपल्यापुरता तोडगा काढते : माणूस दिसतो तसाच आहे, म्हणजे तो तोतया असला पाहिजे. त्या दिवशी मला यातले काही ठाऊक नव्हते. असते तरी त्या बाईंना त्याचा काय उपयोग झाला असता, देव जाणे. त्या सासूबद्दल विचारायला आल्याच नव्हत्या.

“एवढंच सांगा,” त्या म्हणाल्या, “हे तिने रचलं आहे, की तिला तसं वाटतं?”

खरे काय ते मला माहीत होते. जिथे खरी भीती वाटते ती जागा घ्या, असे मीच सांगितले होते. तरी मी म्हटले, “गोष्ट आहे ती. मुलं रचतात.”

त्यांनी शेवटचे पान उघडले. “मग पुढे काय होतं? ती वळते. मग?”

“शेवट दाखवायचा नाही असं मी शिकवलंय त्यांना.” हे वाक्य माझ्या तोंडून गेले, आणि आयुष्यात इतके मूर्ख वाक्य मी दुसरे बोलले नसेन.

“घरात कसं चालेल तसं?” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. वही टेबलावर ठेवली, पर्स सावरली आणि घंटा व्हायच्या आत गेल्या.

मुलीला मी बोलावले नाही. काय बोलणार होते? वही परत देताना इतकेच म्हटले, “गोष्ट पुरी करावीशी वाटली तर कर. मार्कांसाठी नव्हे.” तिने मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते समजले नाही. नाताळची सुट्टी गेली. संक्रांत गेली. तिळगूळ द्यायला ती आली तेव्हाही वहीचा विषय निघाला नाही.

फेब्रुवारीत निबंधाच्या गठ्ठ्यात ती वही आली. ‘ती वळू लागली’ याच्या खाली वेगळ्या शाईत पुढचे लिहिले होते.

‘तिने अंधारात विचारले, कोण आहे? तिचा आवाज कापत होता. मी तिला दिसत नव्हते. म्हणजे ती पण घाबरली होती. मी म्हटले, मि. मग आम्ही दोघी पाणी प्यालो.’

भयकथा म्हणून शेवट पार बिघडला होता. मी लाल पेन घेतले, ‘मि’ची वेलांटी दीर्घ केली आणि वही तिला परत दिली.