करवंटीचा कोळसा

गेल्या रमजानची गोष्ट. सहेरीनंतर अम्मीच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचा पत्ता मी ओट्यावरच ठेवून झोपलो. चूक माझीच. सकाळी चार वर्षांच्या भाच्याच्या हातात तो पत्ता दिसला, आणि त्यातल्या पाच गोळ्या नव्हत्या.

नानीने आरडाओरडा केला नाही. चुलीतला करवंटीचा कोळसा घेतला आणि पाट्यावर वाटायला बसली. पोटात विष गेलं की कोळसा पाजायचा, हे तिने सासूकडून ऐकलेलं. मी खेकसलो, "राहू दे ते नानी, गाडीत बस!" पोराला उचलून तालुक्याला निघालो.

डॉक्टरांनी आधी विचारलं, कुठल्या गोळ्या, किती, कधी? मग नर्सने ग्लासात काळंकुट्ट पाणी आणलं. निम्मं पोराने माझ्या सदऱ्यावर थुंकलं. नानी म्हणाली, "कोळसाच ना हा?"

कोळसाच होता. पण फरक भोकांचा आहे, हे मी नंतर वाचलं. करवंटी कमी हवेत जाळली की साधा कोळसा होतो. तोच पुढे आठशे-नऊशे अंशांवर वाफेत तापवला की वाफ थोडा कार्बन खाऊन टाकते आणि आत डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं मोकळी होतात. अशा एका ग्रॅम कोळशाच्या आतल्या भिंती पसरल्या तर साधारण १००० चौरस मीटर भरतात, म्हणजे जवळपास दहा गुंठे! औषधाचे कण त्या भिंतींना चिकटतात आणि रक्तात जायचे राहतात. चुलीतल्या कोळशाची भोकं थोडी, तीही बुजलेली. फळाची कठीण बी, लाकूड, कशापासूनही असा कोळसा करता येतो. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, विषारी वायूच्या मुखवट्यांसाठी अमेरिकेत लोकांनी पीचच्या बिया गोळा करून दिल्या होत्या.

लोहाच्या गोळ्या मात्र या कोळशाला चिकटत नाहीत. हे वाचलं तेव्हा घाम फुटला. नानीच्या लोहाच्या गोळ्या त्याच ओट्यावर होत्या.

पोराला रात्रभर दवाखान्यात ठेवलं, दुसऱ्या दिवशी इफ्तारच्या आधी घरी आणलं. नानीची माफी मागितली. ती म्हणाली, "मला वेळ घालवू दिला नाहीस ते बरं केलंस."

गोळ्या आता कपाटात, कुलपात असतात. आणि करवंट्या न्यायला माणूस आला की नानी भावावरून भांडते. "दवाखान्यात लागतो ह्याचा कोळसा," ती त्याला सुनावते, "तू काय फुकट नेतोस?"