जोडनावांचे रकाने

वाशीतल्या माणसाला त्याच्या आळीचे नाव विचारले तर तो क्षणभर गोंधळतो. सेक्टर, इमारतीचा प्रकार, इमारतीचा क्रमांक आणि सदनिकेचा क्रमांक एवढ्यांच्या मिलाफाने त्याचा पत्ता सिद्ध होतो. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडच्या नव्या नगरीत वाशी प्रथम वसली. सेक्टर ९ आणि १० मधल्या इमारतींना 'जेएन-१', 'जेएन-२' अशी नावे मिळाली व त्या नावांखाली संसार थाटले गेले. एखादा जुना रहिवासी 'आम्ही जेएन-टूचे' असे म्हणतो, तेव्हा त्यात वाडीचे नाव घेण्याइतकीच आपुलकी असते. सबब, जोडून केलेले नाव रुक्षच असते, हे आम्हांला मान्य नाही.

हा विषय मनात घोळू लागला तो धर्मग्रामाच्या कुटुंबनोंदीमुळे. नोंदींचा तक्ता करण्याचे काम एका तरुण संगणक अभियंत्याने हौसेने पत्करले. प्रत्येक सेक्टरला एक ओळ आणि वयोगट, लिंग व मातृभाषा यांच्या प्रत्येक जोडीला एक रकाना, अशी योजना होती. वयोगट चार, लिंगे दोन, भाषा पाच (कोंकणी, मराठी, मल्याळी, तमिळ आणि इंग्रजी). म्हणजे रकाने चाळीस झाले. त्यांत 'एकटे राहतात की कुटुंबात' ही नोंद मिळवली की ऐंशी. एवढी नावे हाताने लिहायची तर कुठेतरी 'मल्याळी'चे 'मल्याळम' होणार आणि बेरीज फसणार. तो नावे लिहीतच नाही, यंत्राकडून घडवून घेतो. पहिल्या यादीतला एक शब्द धरून ठेवायचा, दुसरीतला एक धरायचा आणि तिसरी यादी अथपासून इतिपर्यंत म्हणायची. ती संपली की दुसरीतला पुढचा शब्द घ्यायचा. मोटारीतले अंतर मोजणारे आकडे असेच फिरतात.

त्याने आम्हांला विचारले, "फादर, आधी काय घेऊ? भाषा की वय?" प्रश्न साधा वाटला, पण तसा तो नाही. भाषा प्रथम घेतली तर तक्त्यात धर्मग्रामाचे पाच तुकडे वेगवेगळे उभे राहतात. वयोगट प्रथम घेतला तर साऱ्या भाषांचे वृद्ध एकमेकांशेजारी येतात. आम्ही वयोगट प्रथम घ्यायला सांगितले. भाषेवरून तट पडलेले आम्ही अन्यत्र पुष्कळ पाहिले आहेत, वाचकहो; त्यांना तक्त्यातून आणखी आमंत्रण कशाला?

पत्त्यांच्या बाबतीत मात्र एक निवृत्त पोस्टमन मदतीला आले. घराची खूण म्हणून सेक्टर आणि इमारत यांचे आकडे शेजारी ठेवून यंत्राने एक नाव केले होते. कच्चा कागद पाहताच ते म्हणाले, "हे ११२ म्हणजे सेक्टर १, इमारत १२, की सेक्टर ११, इमारत २?" दोन घरे एकाच नावात शिरली होती. मध्ये आडवी रेघ घालावी, तर तक्त्याचे यंत्र '१-१२' ही तारीख समजून मोकळे होते. '१८-३५' असा वयोगट रकान्याच्या नावात आला, तर काही आज्ञावल्या त्या रेघेला वजाबाकी समजतात. म्हणून जोडणारे चिन्ह असे हवे, जे जोडल्या जाणाऱ्या शब्दांत मुळीच येत नाही. तरुणाने अधोरेषा निवडली. दुसरा उपाय प्रत्येक आकड्याला ठरावीक घरे देण्याचा, म्हणजे '०११२' आणि '११०२'.

हा दुसरा उपाय ऐकताच पोस्टमन उद्गारले, "आमचा पिनकोड तोच!" ते खरेच आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने, संस्कृतच्या पंडिताने, ती पद्धती सिद्ध केली आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती देशभर लागू झाली. वाशीच्या ४००७०३ मध्ये पहिला अंक पश्चिमेकडचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपालाचा जिल्हा आणि शेवटचे तीन टपाल कार्यालय. प्रत्येक अंकाची जागा ठरलेली असल्यामुळे मध्ये रेघही लागत नाही, चिन्हही लागत नाही. समास सोडवण्यात हयात घालवलेल्या माणसालाच हे सुचावे, असे आम्हांला उगाचच वाटते.

आपले पंचांग तरी वेगळे काय करते? बारा मास, दोन पक्ष, पंधरा तिथी. ३६० नावे तयार. आमच्या उपासनेतही रविवारच्या वाचनांची अ, ब, क अशी तीन वर्षे आणि इतर वारांच्या वाचनांची दोन. त्यांच्या जोड्या सहा. पण पंचांगकर्त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. क्षयतिथी सूर्योदयाला गाठत नाही, म्हणून तिच्या वाट्याला दिवस येत नाही. तरीही पंचांगात तिचे नाव राहते.

आमच्या तक्त्यात हे राहिले नव्हते. यंत्र फक्त नोंदींत प्रत्यक्ष आढळणाऱ्या जोड्यांचेच रकाने करीत होते. '७५ वर्षांवरील_स्त्री_तमिळ_एकटी' या रकान्यात साऱ्या तक्त्यात एकच आकडा होता, एक. दर पहिल्या शुक्रवारी आम्ही त्या आजींकडे ख्रिस्तप्रसाद घेऊन जात असू. त्यांचे मराठी जेमतेम, आमचे तमिळ त्याहून जेमतेम. पुढल्या वर्षी त्या निवर्तल्या. नवा तक्ता आला, तेव्हा त्यात शून्य दिसले नाही, रकानाच नव्हता. दोन वर्षांचे तक्ते शेजारी ठेवले, तर त्या कागदांची जुळणी होईना. रिकामे घर आणि नकाशात नसलेले घर यांत फरक असतो. भेटीला निघालेल्या स्वयंसेवकाला पहिले दिसले, तर तो निदान विचारील की येथे कोण होते.

तरुणाला ते पटवायला वेळ लागला नाही. यादीत जी मूल्ये संभवतात त्या सर्वांच्या जोड्या तो आता आधीच मांडून ठेवतो आणि मग माणसे मोजतो. तक्रार त्याची एवढीच, की ऐंशी रकान्यांतले पुष्कळसे शून्यांनी भरतात आणि छापायला कागद पुरत नाही. मोजणीसाठी रकान्यांऐवजी ओळी वाढवाव्यात, म्हणजे प्रत्येक जोडीला एक ओळ, असे तो सुचवतो. ते शहाणपणाचे आहे आणि यंत्रात आम्ही तसेच ठेवणार आहोत. भिंतीवर लावायच्या तक्त्यात मात्र रकानेच राहतील. रिकामे रकाने अरुंद करून छापावेत, एवढी परवानगी आम्ही दिली आहे.