वाघाचा फोटो आणि सातवीचा वर्ग

सहलीला मोबाइल न्यायचा की नाही, यावर आमच्या पालकसभेत बराच वाद झाला. सहल होती नरसी नामदेवहून नागपूरच्या गोरेवाड्याची. आमच्या कयाधूकाठच्या मुलांनी वाघ पाहिलेला तो पुस्तकात, नाहीतर मोबाइलवर. एक आजी म्हणाल्या, "सर, लेकरू वाघ बघून आलं अन् फोटू नाही म्हणल्यावर गल्लीत कोण खरं मानंल?" मला ते पटलं. चार मुलांत एक मोबाइल, फ्लॅश बंद, ओरडायचं नाही, असं ठरलं.

गोरेवाड्याची भारतीय सफारी २६ जानेवारी २०२१ ला सुरू झाली. वाघ, बिबट, अस्वल आणि तृणभक्षी प्राणी यांचे भाग वेगवेगळे. आपण बसमध्ये बसून फिरायचं. प्राणी मोकळे आणि माणसं बंद, ही उलटापालट मुलांना भारी आवडली.

वाघ सावलीला आडवा पडलेला. हलेना, बघेना. मागून कुजबुज सुरू झाली, "सर, काच वाजवू का? बघंल की आपल्याकडं." मी हातानंच थांबवलं. ३१ डिसेंबर २०२४ ची उमरेड-कऱ्हांडलाची गोष्ट परतीच्या वाटेत सांगितली. तिथं पर्यटकांच्या गाड्यांनी एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना दोन्हीकडून घेरलं होतं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून त्याची दखल घेतली. बछडे पाच होते म्हटल्यावर पोरं एकदम गप्प झाली. नियम वाचून दाखवले असते तर इतकी शांतता मिळाली नसती.

फोटोचं तंत्र मात्र तिथल्या तिथं शिकता आलं. मोबाइल काचेला टेकवला की आपलंच प्रतिबिंब येत नाही. स्क्रीनवर वाघाच्या डोळ्यावर बोट ठेवायचं, म्हणजे फोकस पुढच्या गवतावर जात नाही. बोटांनी ओढून वाघ मोठा करू नये, चित्र फुटतं. दूरचा तर दूरचा येऊ द्यावा, कापाकापी नंतर करता येते. बस थांबली की दोन-तीन फोटो घ्यायचे आणि मोबाइल पुढच्याकडे द्यायचा. या शेवटच्या कलमावरून दोन ठिकाणी भांडणं झाली, ते सोडा.

खरा तास शाळेत आल्यावर झाला. एक गट म्हणे, आम्ही दोन वाघ पाहिले. दुसरा म्हणे, एकच, बस फिरून आली. मग फोटो मोठ्या पडद्यावर लावले. वाघाचे पट्टे आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे, दोन वाघांचे सारखे नसतात. जंगलातली गणतीही अशाच फोटोंवरून होते. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे बांधतात, वाघ मधून गेला की फोटो आपोआप निघतो. शंभरेक वर्षांपूर्वी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाच्या वन अधिकाऱ्यानं वाटेवर तार लावून, वाघाच्याच पायानं कॅमेरा चालवून घेतला होता. हे ऐकून मागच्या बाकावरचे दोघे सुतळी शोधायला लागले!

मुलांनी पट्टे मोजले, वहीत काढले. जुळेनात. दोन वाघ, असा निकाल लागणारच होता, तेवढ्यात एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी उठली. "सर, ह्याच्यात तोंड डाव्या अंगाला हाय, त्याच्यात उजव्या. दोन्हीकडचे पट्टे सारखे असतेत का?"

नसतात. एकाच वाघाच्या दोन कुशीही वेगळ्या असतात, म्हणून तर कॅमेरे दोन बांधतात. गणिताच्या तासाला मान खाली घालून बसणारी ही पोर. त्या दिवशी अख्खा वर्ग तिच्याकडं वळून बघत होता.

निकाल अजून लागलेला नाही. दोन्ही फोटो भिंतीवर आहेत, आणि त्याच कुशीचा आणखी एखादा फोटो कुणाच्या घरच्या मोबाइलमध्ये राहिलाय का, याची शोधाशोध चालू आहे.