उद्याचा रियाज आज रात्री

पुणे,
जुलै

प्रिय भाचीबाई,



तुझं पत्र सावकाश वाचलं. सकाळ, दुपार, रात्र अशा फिरत्या ड्यूट्या, डोंबिवलीची गर्दी, घरी आल्यावर स्वयंपाक, लेकाचा अभ्यास, आणि कपाटावर कव्हरमध्ये पडून असलेली गिटार. आठवड्याच्या सुट्टीला तू ती खाली काढतेस, दोन तास वाजवतेस, बोटं हुळहुळी होतात आणि पुढची सुट्टी येईपर्यंत तिला हात लागत नाही. शेवटी लिहिलं आहेस, ‘मामा, माझ्यात शिस्तच नाही.’ त्या वाक्यासाठी हे पत्र लिहायला बसलो, कारण ते खरं नाही.

पहाटे उठून गाडी पकडणारी, वॉर्डात प्रत्येक इंजेक्शनची वेळ सांभाळणारी, रात्रपाळीत ठरल्या वेळेला टेंपरेचर आणि पल्स लिहून ठेवणारी बाई बेशिस्त नसते. तुझ्या वॉर्डात शिस्त टिकते, कारण तिथे एक व्यवस्था आहे. पाळी संपताना तू हँडओव्हर देतेस: कुठल्या पेशंटचं काय झालं, काय राहिलं, आधी कोणाकडे बघायचं. त्यामुळे येणाऱ्या सिस्टरला ‘आता काय करू’ असा प्रश्न पडत नाही, आल्याआल्या तिचे हात कामाला लागतात. गिटारच्या बाबतीत हा हँडओव्हर तुला कोणी देत नाही. काल वाजवून उठलेली तू, आज वाजवायला बसणाऱ्या तुला काहीच सांगून जात नाहीस. इतकी वर्षं वाजवून आणि शिकवून माझी एका गोष्टीबद्दल खात्री पटली आहे. रियाज होत नाही त्याला वेळेची कमतरता हे कारण असतं, पण त्याहून मोठं कारण म्हणजे नेमकं काय करायचं ते ठरलेलं नसतं.

तू बसतेस तेव्हा काय होतं, ते आठवून बघ. कव्हर उघडायचं, गिटार सुरात लावायची, कुठली वही काढू याचा विचार करायचा, मग जे येतं तेच वरपासून वाजवायचं, अडलं की परत वरपासून. अर्धा तास जातो, आणि अडण्याची जागा जिथे होती तिथेच राहते. थकून आलेल्या माणसाला वाजवण्यापेक्षा ठरवण्याचेच कष्ट जास्त होतात. म्हणून ते काम त्या वेळेला ठेवायचंच नाही. वाजवून उठताना, किंवा त्या दिवशी वाजवणं झालं नाही तर झोपण्याआधी, एका वहीत उद्यासाठी ओळ लिहायची. ‘लाग्रिमाचा सराव’ असं लिहू नकोस, त्यातून काही बोध होत नाही. कुठला बार, कुठला हात, किती वेग, एवढं लिही.

लाग्रिमाचंच उदाहरण घेऊ. गिटारवादक-रचनाकार तार्रेगाची ही रचना सोळा बारची आहे, आठ मेजरमध्ये आणि आठ मायनरमध्ये. तू लिहितेस की सुरुवातीलाच बोटं घसरतात. पहिल्या बारमध्ये दोन बोटं एकत्र वर सरकतात, एक चौथ्या तारेवर आणि एक पहिल्या तारेवर, मधे दुसरी तार मोकळी वाजत राहते. सुरुवातीला बोटं दुसऱ्या आणि चौथ्या फ्रेटवर असतात, मग चौथ्या आणि पाचव्या, मग सहाव्या आणि सातव्या. म्हणजे पहिल्यांदा सरकतानाच त्यांच्यामधलं अंतर दोन फ्रेटवरून एका फ्रेटवर येतं. अडचण एवढ्याशा जागेत आहे. पूर्ण रचना कितीही वेळा वाजवलीस तरी ती जागा क्षणभरच येईल आणि प्रत्येक वेळी घाईत निघून जाईल. ते एकच सरकणं घेऊन बसलीस, तर पाच मिनिटांत ते कितीतरी जास्त वेळा होईल आणि नीट कान देऊन होईल.

माझं तुला सांगणं रोज पंधरा मिनिटांचंच आहे. पहिली तीन मिनिटं उजव्या हाताला दे. मावरो जुलियानीने १८१२ साली उजव्या हातासाठी एकशे वीस पलटे छापले. ते सगळे सी आणि जी-सेव्हन या दोनच कॉर्डवर आहेत. डाव्या हाताला काही शोधायचं नसल्यामुळे लक्ष सगळं अंगठा आणि तीन बोटांवर राहतं. रोज त्यातला एक घे. पुढची आठ मिनिटं वहीत लिहिलेल्या अवघड जागेची. मेट्रोनोम इतका हळू लाव की चूक व्हायला कारणच उरू नये. सलग तीनदा स्वच्छ आलं तरच वेग थोडा वाढव, नाही आलं तर कमी कर. शेवटची चार मिनिटं तुला आधीपासून येणारं आवडतं काहीतरी पूर्ण वाजव, न थांबता. ही चार मिनिटं कधी कापू नकोस. आपण हे संगीतासाठी करतो, आणि रोज थोडं संगीत कानावर पडलं नाही तर नुसत्या कवायतीवर कोणाचंही मन फार दिवस टिकत नाही.

पंधरा मिनिटांनी काय होणार, असं तुला वाटेल. दहा हजार तासांची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. ती ज्या अभ्यासातून आली तो अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केला. बर्लिनच्या संगीत अकादमीतले व्हायोलिनचे विद्यार्थी त्यात होते. उत्तम विद्यार्थ्यांनी विसाव्या वर्षापर्यंत एकट्याने केलेल्या सरावाची सरासरी दहा हजार तासांच्या आसपास निघाली, हे लोकांच्या लक्षात राहिलं. त्याच अभ्यासातल्या दुसऱ्या गोष्टी मागे पडल्या. ही मुलं सलग तासन् तास बसत नव्हती. तास-दीड तासाने थांबायची, विश्रांती घ्यायची, दुपारी झोपायचीसुद्धा. आणि त्यांचा सराव म्हणजे एखादी ठरावीक उणीव भरून काढण्यासाठी केलेलं काम असे. तुला त्यांच्याएवढे तास मिळणार नाहीत, पण त्यांची पद्धत मिळू शकते.

झोपेचं आणखी सांगतो, कारण रात्रपाळीनंतर सुट्टी आली की तू ती तोडून वाजवायला बघतेस. २००२ साली हार्वर्डमधल्या मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना सरावाच्या नसलेल्या हाताच्या बोटांनी एक ठरावीक क्रम टाइप करायला शिकवला. नंतर नुसतेच काही तास जागे राहिलेल्यांच्या वेगात विशेष फरक पडला नाही, झोप झाल्यावर मात्र वेग साधारण वीस टक्क्यांनी वाढलेला दिसला. बोटांचं शिकणं झोपेतही चालू राहतं. म्हणून थोडं वाजव आणि मग नीट झोप. रात्रपाळी करून आल्यावर अंघोळीच्या आधी दहा मिनिटं पुरेत. मग झोपेतला एक तासही गिटारला देऊ नकोस. आठवड्याचे दोन तास एकाच दिवशी वाजवलेस तर त्यानंतर झोप एकच येते. तेच रोज थोडे थोडे वाटलेस तर प्रत्येक तुकड्यामागे एक झोप मिळते.

घड्याळातली ठरावीक वेळ तुझ्या नोकरीत चालणार नाही, म्हणून ती ठरवूच नकोस. वेळेऐवजी एखाद्या कामाला रियाज बांध. सकाळपाळीहून आलीस की चहाचं आधण ठेवायच्या आधी. दुपारपाळी असेल तर लेक शाळेत गेल्यावर, भाजी चिरायला घ्यायच्या आधी. रात्री उशिरा किंवा घरात कोणी झोपलेलं असताना तारांखाली, ब्रिजला लागून, एक घडी केलेला रुमाल सरकव. आवाज अगदी बारीक होतो आणि बोटांचं काम पूर्ण होतं. डबल ड्यूटी झाली त्या दिवशी फक्त सहा तारा सुरात लाव आणि एक ओळ वाजव. तेवढ्यानेही दुसऱ्या दिवशीचा धागा तुटत नाही.

येताना गाडीत बसायला मिळालं तर नोटेशनचा कागद काढ. एक बार मनातल्या मनात गा, डाव्या हाताचं कुठलं बोट कुठे पडतं ते डोळ्यांसमोर आण. वाद्याशिवाय केलेला हा अभ्यास वाया जात नाही. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पोर्तुगीज काळात मुलांना आधी स्वरलिपी बघून गायला शिकवत, वाद्य मागाहून हातात येई. त्या मातीत तयार झालेले वादक पुढे मुंबईत सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात आले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे अरेंजर गोव्याचेच. समोर कागद आला की पहिल्या वाचनात वाजवता येणं हे या मंडळींचं बळ होतं, आणि त्याचा पाया लहानपणी रोज थोडं थोडं गाऊन घातला गेला होता.

तुझी नखांची अडचण मात्र खरी आहे. क्लासमध्ये उजव्या हाताची नखं वाढवायला सांगतात आणि वॉर्डात ती चालत नाहीत. चालूही नयेत, पेशंटच्या जिवाचा प्रश्न आहे. पण त्यावरून ‘मला क्लासिकल गिटार जमणार नाही’ असं ठरवू नकोस. हा वाद गिटारएवढाच जुना म्हणावा लागेल. गिटारवादक फर्नांदो सोर नखांशिवाय वाजवायचा आणि १८३०च्या आपल्या पुस्तकात त्याने नखांविषयीची नापसंती स्पष्ट लिहिली. त्याचा मित्र दिओनिसिओ आग्वादो नखांनी वाजवायचा. तरी दोघे एकत्र वाजवत, आणि दोघांसाठी सोरने ‘दोन मित्र’ नावाचं युगुलवादन रचलं. खुद्द तार्रेगाने आयुष्याच्या उत्तरार्धात नखं कापून टाकली, आणि त्याचा शिष्य एमिलियो पुजोल याने ती पद्धत पुढे चालवली. म्हणजे लाग्रिमा लिहिणारा माणूसही नंतर तुझ्यासारखाच बोटांच्या मांसाने वाजवत होता. आवाज थोडा लहान पण गोल येतो. त्या आवाजावर मनापासून काम कर.

दिवसभर हात धुवून आणि सॅनिटायझर लावून तुझ्या डाव्या बोटांवर घट्टे धरत नाहीत, हेही मला समजतं. ओल्या, मऊ पडलेल्या कातडीवर तारा रुततात, म्हणून अंघोळीनंतर किंवा भांडी घासून झाल्या झाल्या वाजवू नकोस. टोकांना थोडी आग होणं ठीक आहे. मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखलं तर लगेच थांब. एफसारखी आडवं बोट टाकून धरायची कॉर्ड जोराने दाबून येत नाही. बोट किंचित कडेवर वळव, फ्रेटच्या अगदी जवळ ठेव, आणि अंगठ्याऐवजी हाताच्या वजनाचा उपयोग कर. एका वेळी मिनिटभर पुरे.

गिटार कपाटावरून खाली आण. ती डोळ्यांसमोर, हाताला येईल अशी असली तर अर्धं काम होतं. पावसाळ्यात लाकडाला दमट हवा बाधते. साधारण पन्नास टक्के आर्द्रता गिटारला मानवते, आणि आपल्याकडे या दिवसांत ती किती वर जाते ते तुला ठाऊक आहे. म्हणून खिडकीजवळ आणि बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीला ती टेकवू नकोस. आतल्या भिंतीशी स्टँडवर ठेव, वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पूस. बाहेरगावी जाताना केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाक.

तू आणखी एक विचारलं आहेस, की या वयात शिकून कुठे वाजवायचं आहे. कार्यक्रमात वाजवायचं असेल तर जरूर वाजव, पण त्यासाठीच शिकावं असं मी मानत नाही. तुझा दिवसभराचा वेळ दुसऱ्यांच्या दुखण्याचा असतो. तिथे कितीही जीव ओतलास तरी प्रत्येक पेशंट बरा होणं तुझ्या हातात नसतं, आणि ते ओझं घेऊन तू घरी येतेस. वाद्यापुढे मात्र तू नीट केलेलं काम तुझ्याजवळ राहतं. आज जे बोट अडखळलं ते पंधरवड्याने सहज पडतं, आणि ते तू स्वतः घडवलेलं असतं. माणसाला रोज एक तरी गोष्ट अशी मिळावी, जिच्यात आपल्या कष्टाचं फळ आपल्याला स्पष्ट ऐकू येतं. तुला ती मिळावी असं मला फार वाटतं, म्हणून मी इतक्या बारकाव्यात शिरलो.

गणपतीला येशील तेव्हा वही घेऊन ये. लाग्रिमा पूर्ण बसली नसली तरी चालेल. कुठल्या दिवशी काय लिहिलंस, काय झालं, काय राहिलं, ते बघून पुढच्या महिन्याचं आपण दोघं मिळून ठरवू. काही पानं कोरी असतील तर कोरीच राहू दे, मागून भरू नकोस. कोणत्या पाळीत रियाज राहतो, ते त्यावरूनच कळेल आणि तिथली व्यवस्था बदलता येईल.

आज झोपण्याआधी पहिली ओळ लिही. सुचवतो: लाग्रिमा, पहिला बार, फक्त डावा हात, पहिलं सरकणं, मेट्रोनोम ५०. सरकताना चौथ्या तारेवरचं बोट उचलू नकोस, तारेला हलकं टेकलेलं राहू दे.

सगळ्यांना नमस्कार, लेकाला गोड पापा.

तुझा,
मामा